टळटळीत दुपारचा छंद

दुपारी जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की आपल्याला तास-दोन तास मोकळे मिळतात. फोटोतले जाणकार म्हणतात, ही वेळ फोटोला वाईट; सकाळ तरी हवी, नाही तर संध्याकाळ. पण मैत्रिणींनो, सकाळी डबे आणि संध्याकाळी स्वयंपाक! मग आपण छंद करायचा तरी कधी? मला मात्र टळटळीत दुपारच लागणारा छंद सापडला आहे. इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांची फोटोग्राफी!

सुरुवात झाली ती भावजींच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यापासून. नवा मोबाइल आल्यावर तो कपाटात धूळ खात पडला होता. हे म्हणाले, "भंगारात दे." मी म्हटलं, "थांबा जरा!"

हे किरण कुठले?

१८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येकात थर्मामीटर ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. १९१० मध्ये रॉबर्ट वूड यांनी त्यांच्यावर काढलेले फोटो प्रसिद्ध केले. झाडं त्यात बर्फ पडल्यासारखी पांढरी! हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं. पण आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या अवरक्त किरण मागे फेकतात. पान आजारलं, की हे परतणं बदलतं. १९७० च्या सुमारास डॉ. पिशारोटी यांनी केरळातल्या माडांचा रोग हेलिकॉप्टरमधून अशाच फोटोंनी शोधला. उपग्रहावरून आज पिकाची तब्येत ओळखतात, तीही याच गुणावर. आपल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसाच्या प्रयोगात उपग्रहाची चित्रं वापरली, ती वाचून माझं कुतूहल आणखी वाढलं.

कॅमेरा कसा बदलतात?

आधी घरच्या घरी परीक्षा करा. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर ठिपका लुकलुकला, तर कॅमेऱ्याला हे किरण थोडे तरी दिसतात. सेन्सरला ते मुळात चांगले दिसतात. पण कंपनी त्यासमोर गाळणीसारखी काच बसवते आणि किरण अडवते. ती काढून ७२० नॅनोमीटरची काच बसवायची, की कॅमेरा बदलला. नवशिकीला हीच काच सोयीची.

पण हे काम घरी करू नका! फ्लॅशच्या भागात साठलेली वीज बंद कॅमेऱ्यातही जोराचा झटका देते. मी भिशीच्या पैशांतून पुण्याच्या एका कारागिराकडून करून घेतलं. आणि लक्षात ठेवा, बदललेला कॅमेरा पुन्हा साधे रंगीत फोटो काढत नाही. म्हणून जुनाच द्यावा.

माझी फजिती

पहिल्या दिवशी गच्चीवरची तुळस टिपली. सगळे फोटो लालभडक, जणू कुंकवाचा करंडा सांडला! वर पुसटही. हे हसून हसून बेजार. मग समजलं, की हिरवळीवर कॅमेरा धरून व्हाइट बॅलन्स आपण स्वतः लावायचा. खिडकीला डोळा लावण्यापेक्षा मागच्या पडद्यावर बघून फोकस करायचा, कारण हे किरण थोडे वेगळ्या जागी एकवटतात. फोटोच्या मधोमध पांढरट डाग आला, तर दोष भिंगाचा. दुसरं भिंग लावून पाहा. सुरुवातीला फोटो कृष्णधवलच करा. आणि गंमत बघा, माझी संक्रांतीची काळी साडी फोटोत चक्क करडी आली!

पळसदेवचं देऊळ

सासूबाईंचं माहेर इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव. उजनी धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की पळसनाथाचं देऊळ वर येतं. २०२४ मध्ये तसंच झालं. सासूबाईंचे गुडघे गाळातून चालायला तयार नाहीत. मी म्हटलं, "आई, मी जाऊन येते."

भर दुपारी काठावर पोहोचलो. ऊन रणरणत होतं आणि धुरकट हवेत पलीकडचा काठ डोळ्यांना धड दिसत नव्हता. बारीक धुरकटातून अवरक्त किरण बरे पार होतात. फोटोत पलीकडची झाडं स्पष्ट उमटली. पाणी काळंभोर, आकाश गडद, काठच्या वेड्या बाभळी पांढऱ्याशुभ्र आणि मध्ये शिखर.

घरी फोटो सासूबाईंच्या हातात दिला. चष्मा पुसून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग काळ्या पाण्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हितं आमचं घर व्हतं. आन् हितनं देवळात जायची वाट."

मी गप्प. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "झाडं अशी पांढरी का गं? मला आपला रंगातला बी एक दे."

तो या कॅमेऱ्यातून निघणार नव्हता. बरं झालं, मोबाइलवर एक साधा फोटो काढून ठेवला होता! आता दोन्ही शेजारी शेजारी भिंतीवर आहेत. तुम्हीही जाल, तेव्हा दोन्ही काढा.