मोतीबागेतील रेल्वे-संग्रहालय व आपली शकुंतला

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन नागपूरच्या मोतीबागेतील अरुंदमापी रेल्वे-संग्रहालय पाहण्यास गेलो होतो. बंगाल-नागपूर रेल्वेच्या लहान गाड्यांची देखभाल पूर्वी ज्या मोतीबागेत होत असे, तेथेच १४ डिसेंबर २००२ रोजी हे संग्रहालय लोकांस खुले झाले. जुनी इंजिने व डबे मुलांनी पुष्कळ वेळ पाहिले. (डब्याच्या खालून सरपटत जाण्याचा मोह दोघांस आवरला नाही, व त्यांचे सदरे पाहून त्यांच्या मातांस काय वाटले असेल ते आम्ही जाणतो.)

एका मुलाने शिवणकामाची फीत आणली होती. दोन रुळांमधील अंतर त्याने मोजले तो ते भरले अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुंबई-नागपूर हमरस्त्यावर हेच अंतर साडेपाच फूट असते. “सर, आमचे आजोबा ज्या शकुंतलेत बसत, ती एवढीच होती काय?” असे त्याने विचारले. होय, अगदी एवढीच. मग तेथेच सावलीत बसून आम्ही मुलांस जे सांगितले, ते पालकांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

वऱ्हाडचा कापूस मुंबईस व तेथून इंग्लंडातील गिरण्यांस पोहोचविणे हा आपल्या रेल्वेचा मूळ हेतू. १९१० साली मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने ह्या कामासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूर हे मध्यवर्ती जंक्शन. तेथून एक फाटा कारंजा व दारव्ह्यावरून यवतमाळास, दुसरा अचलपुरास. यवतमाळ-मूर्तिजापूर हे अंतर सुमारे ११३ किलोमीटर.

रूळ अरुंद का घातले? कारण खर्च. अरुंद मार्गास जमीन थोडी लागते, रूळ व पूल हलके चालतात, आणि वळण आवळ घेता येत असल्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो. परंतु ह्या काटकसरीचे मोल दुसऱ्या टोकास द्यावे लागे. मूर्तिजापुरास लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चढू शकत नसे. म्हणून कापसाची प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा दुसऱ्या डब्यात भरावी लागे. पुढे मोटार-ट्रक थेट जिनिंगच्या दारी येऊन उभा राहू लागला, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण सोसणार? शकुंतला मागे पडली त्याचे बीज, आमच्या मते, त्या अडीच फुटांतच होते. केवळ अधिकाऱ्यांच्या अनास्थेस दोष देणे पुरेसे नाही.

तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झाले आणि १९२३ पासून धावू लागले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त होऊन डिझेल इंजिन आले. सत्तर वर्षे एकाच कामावर! स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी ह्या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाड्या मात्र सरकारी रेल्वे चालवी. बसच्या मानाने भाडे फार थोडे असल्याने गोरगरीब माणसे, वेळ कितीही लागो, तिनेच जात. आता ती धावत नाही. वर्धा-कळंब हा रुंदमापी मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला असून तो यवतमाळवरून नांदेडास न्यावयाचा आहे. ह्याचा आम्हांस आनंदच आहे.

तथापि मोतीबागेतून निघताना त्याच मुलाने विचारले, “सर, आपले स्टेशन असे का ठेवीत नाहीत?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. लोखंड भंगारात गेले की परत येत नाही, एवढे ठाऊक होते. परतीच्या वाटेवर मुलांनीच ठरविले की, निदान शाळेत एक कपाट शकुंतलेचे करावे. तरी ज्या पालकांच्या घरी जुनी तिकिटे, छायाचित्रे, कापसाच्या पावत्या अथवा रेल्वेतील नोकरीचे कागद असतील, त्यांनी ते पाहण्यास द्यावेत. नक्कल करून घेऊन मूळ कागद आम्ही जपून परत करू. आणि ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला आहे अशा आजी-आजोबांनी एखाद्या शनिवारी शाळेत यावे. नववीची मुले वही घेऊन बसतील.