तद्विद्यसंभाषा : बोलावे कोणी, ऐकावे कोणी?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार वर्णिले आहेत. संधायसंभाषेत स्नेहभावाने विचारविनिमय होतो. विगृह्यसंभाषेत जयापजयाची ईर्ष्या असते. विगृह्यसंभाषेपूर्वी प्रतिपक्षी श्रेष्ठ, सम की हीन, हे पारखण्यास आचार्य सांगतात. खेद एवढाच की, ही पारख आज आपण वादसभेत नव्हे, तर आपल्याच सहकाऱ्यांत करीत असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पंचकर्म विभागात एका पन्नाशीच्या रुग्णास विरेचन दिले. पूर्वकर्म यथाविधी झाले होते. दुपारनंतर वेग थांबेनात, रक्तदाब उतरला. सलाईन लावल्यावर रुग्ण सावरला. मागाहून कळले की, सकाळी त्याने रक्तदाबाची मूत्रल गोळी घेतली होती व परिचारकाने ते पाहिले होते. विचारले असता तो म्हणाला, "तुम्ही नाडी पाहून औषध ठरवलं होतं, मी मध्ये काय बोलणार?" दोष त्याचा नव्हता, आम्ही त्याला कधी काही विचारलेच नव्हते.

वस्तुतः चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थाता हा एक पाद आहे. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ जाणतात, हेही चरकाचार्यांना मान्य आहे. ज्ञान पदव्यांच्या क्रमाने वाटलेले नसते.

मौन दुहेरी असते. अज्ञान उघडे पडेल म्हणून कनिष्ठ बोलत नाही. वेगळेपण जाईल म्हणून ज्येष्ठ आपला अनुभूत योग सांगत नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ येथे धावपट्टी मोकळी आहे का, ही अभियंत्याची शंका ज्येष्ठ वैमानिकाने झटकली. दोन विमानांच्या टकरीत 583 जीव गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी सूची दिली, तीत छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे असते. बोलण्याचा संकोच तेथेच सुटावा, हा त्यामागील हेतू.

आता आमच्याकडे शोधनापूर्वी पाच मिनिटे सर्व एकत्र येतात. प्रथम परिचारक बोलतो, मग आंतरवासी वैद्य, शेवटी आम्ही. निर्णय व उत्तरदायित्व वैद्याचेच राहते. परंतु वैद्य आधी बोलला की, इतरांना केवळ मान डोलावणे उरते. गेल्या वर्षी याच बैठकीत परिचारकाने एका रुग्णाची लपविलेली गोळी सांगितली आणि त्या दिवशीचे विरेचन आम्ही पुढे ढकलले.

शाखांच्या मासिक सभांतही नवपदवीधरांनी आधी बोलावे, अशी आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.