ऐकवणाऱ्यांची परंपरा

जुन्या ध्वनिमुद्रणांवर लिहिणारे आपल्याकडे एक तर कंपन्यांचा इतिहास लिहितात, नाही तर गवयांचा. ज्यांनी या तबकड्या जपल्या, पुसल्या, चार जणांना बोलावून ऐकवल्या आणि मागेल त्याला प्रत काढून दिली, त्या माणसांविषयी कुठे दोन ओळी सापडत नाहीत. म्हणून हा आढावा मी त्यांच्या बाजूने घेणार आहे. अभिजात संगीत आपल्या पिढीपर्यंत पोचले त्यात त्यांचा वाटा गुरुशिष्यपरंपरेच्या खालोखाल आहे, असे माझे मत आहे, आणि ते बदलण्याजोगे काही मला अजून भेटलेले नाही.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला, गौहरजानचा आवाज कर्ण्यातून मेणावर उतरला, तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून आल्या, १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला. निकोल, बेका, ओडियन, पाथे हे पहिल्या महायुद्धाआधीच बाजारात होते. १९२५ नंतर कर्णा मागे पडून मायक्रोफोन आला. पुढच्या दशकात ब्रॉडकास्ट, हिंदुस्थान, यंग इंडिया अशी लेबले निघाली. कंपन्यांची भांडणे, मालिकांचे क्रमांक, लेबलांचे रंग यांवर रात्र रात्र बोलणारे लोक आहेत. मायकेल किनियर यांचे ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांवरचे पुस्तक १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. ज्याला क्रमांक हवे आहेत त्याने ते उघडावे. मला गाण्याकडे जायचे आहे.

तीन मिनिटांत राग कसा मावणार, हा आक्षेप मी उमेदवारीच्या काळापासून ऐकत आलो. तो घेणारे विद्वान होते, अजूनही आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे, बारा इंचीला चारच्या पुढे थोडी, एवढाच अवकाश होता, हे खरेच. पण या मंडळींनी एक हिशेब कधी मांडला नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्यापाशी नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांनी रेकॉर्ड दिली नाही. या दोघांच्या गाण्याविषयी आपण जे बोलतो ते सगळे आठवणींवर आणि शिष्यांच्या गाण्यावरून बांधलेले. भास्करबुवा गेले त्याच वर्षी कुरुंदवाडला रहिमतखाँ गेले. त्यांच्या मात्र थोड्या तबकड्या आहेत, उतारवयातल्या, कर्ण्यासमोर गायलेल्या, खरखरीत बुडालेल्या. तरीही त्यातला एखादा स्वर असा काही लागतो, की ग्वाल्हेरच्या त्या गवयाबद्दल जुने लोक डोळ्यांत पाणी आणून का बोलत ते कळते. तीन मिनिटांना नावे ठेवणाऱ्यांनी भास्करबुवांच्या तीन मिनिटांसाठी काय दिले असते, हे स्वतःला विचारावे.

शिवाय चांगल्या गवयाने ती तीन मिनिटे वेगळी बांधली. अब्दुल करीमखाँसाहेबांचे उदाहरण मी पुन्हा पुन्हा देतो, कारण तिथे दोन टोके हाताशी आहेत. १९०५ च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्यांत तरुण, चपळ गवई भेटतो. सरगम आणि ताना एकमेकींच्या अंगावर धावून येतात. मग मध्ये मोठा काळ जातो, आणि मृत्यूच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ओडियनसाठी ते पुन्हा गातात. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर त्यांचा अंत झाला. या शेवटच्या तबकड्यांत घाई उरलेलीच नाही. बसंत, ललित, शुद्ध कल्याण, झिंझोटीतली ती ठुमरी, भैरवी. एवढेच नव्हे तर त्यागराजांची खरहरप्रियातली कृतीसुद्धा. स्वर लावला, तो टिकवला, श्रुतीच्या धाग्यावर थोडा हलवला आणि सोडून दिला. तेवढ्यात बाजू संपते, पण राग अपुरा राहिला असे वाटत नाही. झिंझोटीची ती तबकडी ऐकून गदगच्या एका मुलाने घर सोडले आणि पुढे तो भीमसेन जोशी झाला, ही गोष्ट सगळे सांगतात. त्या मुलाने ती कुणाच्या तरी मशीनवर ऐकली होती, हे मात्र सांगताना गळते.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, म्हणजे वेगाकडे. तबकडीवर ७८ लिहिलेले असो वा नसो, सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असे समजणे चूक आहे. कुणी ७२ला, कुणी ७५ला, कुणी ८०च्याही वर. मुद्रण ७४च्या आसपास झाले असेल आणि तुम्ही ७८ने वाजवलीत, तर आवाज जवळजवळ अर्धा सूर वर जातो. काळी दोनची बाई पांढरी तीनमध्ये गाऊ लागते, तान टोचू लागते आणि मग ऐकणारा म्हणतो, जुने लोक किंचाळत असत. ते किंचाळत नव्हते, आपण त्यांना किंचाळायला लावले. जोहराबाई आग्रेवालीचे गाणे ज्यांना कर्कश वाटते त्यांनी ते एकदा योग्य वेगाने ऐकावे. फैयाजखाँसारखा गवई तिला का मानत असे, ते ऐकल्यावर कळेल.

योग्य वेग ठरवायचा कसा, यावर मी व माझ्या मित्रांनी बरीच वर्षे घालवली. कलावंताची पट्टी ठाऊक असेल तर तिथून सुरुवात करावी. साथीला पेटी असेल तर ती आधार देते, मात्र जुन्या पेट्याही एका मापाच्या नसत, म्हणून तिच्यावर पूर्ण विसंबू नये. सर्वांत भरवशाची खूण मला तबकडीच्या शेवटी सापडली. गौहरजान गाणे संपवून इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, हे सर्वांना माहीत आहे. हानोव्हरच्या कामगारांना तबकडी कुणाची ते कळावे म्हणून ही घोषणा असे. तशी नावे इतरही अनेकांनी सांगितली. गाण्यात पट्टी कुठलीही असू शकते, पण माणूस बोलतो तो माणसासारखाच. ते बोलणे नैसर्गिक वाटेपर्यंत वेग कमी करत आणावा, मग सुई परत सुरुवातीला ठेवावी. आवाजाला वजन आलेले जाणवते, श्वास ऐकू येतो, घसीट लांबते.

ही दुरुस्ती एकट्याने होत नाही. आमच्या बैठकीत एक तबलावादक येत, एक पेटीवाले येत, एक निवृत्त शिक्षक होते ज्यांना गाता येत नव्हते पण बोलण्याचा वेग अचूक कळे. तबकडी तीनदा, चारदा लागायची. पेटीवाले म्हणायचे, "अजून थोडी उतरवा." तबलजी म्हणायचे, "आता चाट बरोबर वाजली." संग्रह कुणाच्याही घरी असो, कान मात्र सगळ्यांचे मिळून लागतात. रविवारी सकाळी जुन्या बाजारात नाही तर मुंबईला मटन स्ट्रीटवर गोणपाटावर पसरलेल्या ढिगातून एखादी काळी तबकडी उचलावी, लेबल फाटलेले असावे, आतल्या कडेचा कोरलेला क्रमांक भिंगाने वाचावा, आणि संध्याकाळी ती चार जणांसमोर लावावी. यात जो आनंद आहे तो नुसत्या मालकीत नाही. 'गांधारी' एवढेच नाव असलेली तबकडी अशीच एकदा लागली. पातळ, उंच, मुलीचा आवाज. ओळखणाऱ्याने ओळखले, की या हुबळीच्या गंगूबाई हनगल, घशाची शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच्या. ज्यांनी फक्त त्यांचा नंतरचा भारदस्त आवाज ऐकला होता त्यांचा विश्वास बसेना. दुसरी बाजू लावली तेव्हा मींडेवरून पटले.

तबकड्यांनंतरचा लाँगप्ले रेकॉर्डींचा काळ मी भरभर ओलांडतो. अमीरखाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना आले, ही त्या काळाची सर्वांत मोठी देणगी. बाकी बरेचसे दुकानात मिळत होते आणि घराघरांत होते. जे दुकानात मिळते त्यासाठी ऐकवणाऱ्याची गरज कमी असते.

खरी गरज पडली ती स्पूलच्या काळात. सात इंची, बाराशे फुटांची टेप सेकंदाला पावणेचार इंचांच्या वेगाने एका बाजूला तासाच्या थोडी वर चाले. पहिल्यांदाच ख्याल त्याच्या स्वतःच्या लांबीने घरात राहू शकला. कुणी गणेशोत्सवातली मैफल घेतली, कुणी दिवाणखान्यातली बैठक, कुणी शनिवारी रात्री रेडिओसमोर बसून अखिल भारतीय कार्यक्रम उतरवला. हा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. पुढे कॅसेट आली तेव्हा प्रत काढणे स्वस्त झाले, पण बाजू उलटताना नेमकी सम जायची. मिरज, सांगली, बेळगाव, धारवाड, पणजी, इंदूर, बडोदे असे ते जाळे होते. एसटीने येणारा माणूस पिशवीतून कॅसेटी आणायचा आणि बदल्यात दुसऱ्या घेऊन जायचा. पैसे मध्ये येत नसत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या पुण्यतिथीला जमलेली मंडळी रात्री गाणे ऐकत आणि दुपारी एकमेकांच्या याद्या तपासत.

पुष्कळ टेपांवर नाव नसे. तिथे सगळ्यांचे कान कामाला लागत. रेडिओवरची समजून आलेल्या एका टेपवर पेटी वाजत होती. एकाने लगेच सांगितले, ही आकाशवाणीची नाही, किंवा असली तर १९७१ नंतरची. कारण १९४० पासून तोपर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. दुसऱ्याने तबल्याच्या बाजावरून वादक ओळखला, तिसऱ्याने बंदिशीच्या पाठावरून घराणे. तासाभरात त्या टेपला नाव, गाव आणि अंदाजे वर्ष मिळाले, आणि ते आम्ही खोक्यावर शाईने लिहिले. असे लिहिणे हे संशोधनच आहे. विद्यापीठांनी ते कधी मानले नाही.

केसरबाई केरकरांच्या भैरवीचे सगळ्यांना माहीत आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ती गेली, आणि पहिले व्हॉयेजर निघाल्यावर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. या गोष्टीचा अभिमान मिरवणाऱ्यांना तिची दुसरी बाजू सांगावीशी वाटते. ती भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. सुचवल्यावर रेकॉर्ड मिळेना. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात ती सापडली. म्हणजे तिथेही एका ऐकणाऱ्याने दुसऱ्याला 'हे ऐका' म्हटले, आणि कुणीतरी ती शोधली, म्हणून ते घडले. स्वतः केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत किती कडक होत्या हे सर्वश्रुत आहे. जे उरले ते ऐकणाऱ्यांच्या चिकाटीने उरले.

या परंपरेला दोन बाजूंनी धोका होता आणि आहे. एक बाजू कुलूपवाल्यांची. दुर्मीळ मुद्रण आपल्याकडेच असावे, प्रत दिली की त्याची किंमत गेली, असे मानणारे संग्राहक मी पाहिले. एका संस्थेने दानात मिळालेल्या टेपा इतकी वर्षे कपाटात ठेवल्या, की उघडल्या तेव्हा त्यांना आंबूस वास येत होता आणि फीत वाकडी झाली होती. दाता म्हणून ज्यांनी त्या दिल्या, त्यांना हयातीत एकदाही ऐकायला मिळाल्या नाहीत. याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे. त्यांनी ऐकण्याच्या सभा घेतल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक चालवले, याद्या छापल्या. आमच्यासारख्यांना त्यामुळे कळले, की आपण एकटे नाही.

दुसरी बाजू आजची आहे, आणि तिचे मला अधिक दुःख आहे. आता काहीही फोनवर येते. पण येते ते बिननावाचे, चुकीच्या रागाचे, चुकीच्या वेगाचे, खरखर काढता काढता आवाजाची कडही काढून टाकलेले. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावावर दुसऱ्याच बाईचे गाणे फिरते आणि शेकडो लोक 'वाहवा' लिहून पुढे पाठवतात. पुढे पाठवणे आणि ऐकवणे यांत फरक आहे. ऐकवणारा समोर बसतो, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, समेला मान हलली की नाही हे त्याला कळते, आणि नाही हलली तर पुन्हा लावतो. दोन तरुण मला अलीकडे भेटले, त्यांच्याजवळ माझ्या आयुष्यभराच्या संग्रहापेक्षा जास्त गाणे होते. त्यातले किती एकत्र बसून ऐकले, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्यात कान आहे, म्हणून सांगतो.

कायद्याची भीती दाखवणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. ७८च्या तबकड्यांचा जवळजवळ सगळा काळ त्यापलीकडे गेलेला आहे. त्या वाटायला आता ध्वनिमुद्रणाच्या हक्काची आडकाठी नाही. खासगी मैफलींच्या टेपांचे तसे नाही. तिथे कलावंताच्या घरच्यांना विचारावे. मी विचारले तेव्हा बहुतेकांनी आनंदाने हो म्हटले, आणि स्वतःसाठीही एक प्रत मागितली.

या दिवाळीत ज्यांच्या माळ्यावर आजोबांची स्पूले, कॅसेटी किंवा तबकड्या पडल्या असतील त्यांना माझी विनंती आहे. वाडा पाडायच्या घाईत त्या भंगारवाल्याला देऊ नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. जुन्या मशीनच्या झिजलेल्या सुईने वाजवून पाहू नका. फितीला वास येत असेल तर आधी जाणत्याला दाखवा. खोक्यावर जे लिहिले असेल ते अर्धवट, चुकीचे वाटले तरी पुसू नका, त्याचा फोटो काढा. घरातल्या वयस्कर माणसाला विचारून, ते गाणे कुणी, कुठे, कधी घेतले हे आजच लिहून ठेवा. आणि प्रत काढाल तेव्हा एक न काढता दोन काढा; दुसरी अशा कुणाला तरी द्या, जो ती चार माणसांना बोलावून ऐकवेल.