ओम्नीच्या पोटातला वारा

खंबाटकीचा घाट निम्मा चढला आणि आमच्या जुन्या ओम्नीचा काटा लाल पट्टीला टेकला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे काट्याच्या आधी बसणाऱ्यालाच चटके कळतात. दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजात कूलंट बदलून घेतलं होतं. कडेला थांबलो, तशी जमलेल्यांची निदानं सुरू झाली. कुणी म्हणे रेडिएटर चोक, कुणी म्हणे वॉटर पंप गेला, एकाने तर हेडगॅस्केटवर शिक्का मारला. तेवढ्यात काटा झपकन खाली आला. "झाली थंड, चला!" असा सल्लाही मिळाला.

हा सल्ला ऐकला असता तर इंजिन गेलं असतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं बोलतो. त्याच्याभोवती हवा किंवा वाफ साचली की काटा भलतंच दाखवतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक पडला, तर आधी इंजिन बंद करावं.

अर्धा-पाऊण तास गेल्यावर एका टेम्पोवाल्याने वरचा होजपाइप हाताने दाबला. आत गुडगुडलं. "काका, हिच्या पोटात वारा धरलाय," तो म्हणाला.

कूलंट काठोकाठ ओतलं म्हणजे सिस्टिम भरली, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. व्हॅनमध्ये पाइपांना वळणं आणि चढउतार जास्त. जिथे उंचवटा, तिथे हवा अडते, आणि झाकण सर्वांत उंच जागी असेलच असं नाही. म्हणून ब्लीडिंग, म्हणजे अडलेली हवा बाहेर काढणं. गाडी थंड असताना तोंड चढाकडे करून उभी करायची, हीटर असेल तर 'गरम'वर, ब्लीड स्क्रू असेल तर सैल. झाकण उघडं ठेवून बारीक धारेने भरायचं, इंजिन आयडलवर सोडायचं आणि होज मधूनमधून दाबत राहायचं. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज तापतो, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. ती भरत राहायची, बुडबुडे थांबले की झाकण लावायचं. पंखा एक-दोनदा लागून बंद झाला की इंजिन बंद. गार झाल्यावर पुन्हा पातळी बघायची. बुडबुडे थांबतच नसतील, तर मात्र हेडगॅस्केटवाल्याचं म्हणणं ऐकावं.

रेडिएटरचा नट काढला की सगळं जुनं पाणी निघतं, हेही खरं नाही. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो, बरंच पाणी ब्लॉकमध्येच राहतं. समजा निम्मं राहिलं आणि तुम्ही साध्या पाण्याने फ्लश करून वरून निम्मं-निम्मं तयार कूलंट भरलंत, तर आत कूलंटचा अंश उरतो जेमतेम २५ टक्के. म्हणून शेवटच्या फ्लशनंतर एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओतावं, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार तापून आत पापुद्रे धरतात, किटलीत धरतात तसेच.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" गोठणबिंदू साताऱ्यात बिनकामाचा, कबूल. पण कूलंटमधली रसायनं गंज रोखतात आणि मिश्रण पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. तरी निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणारेही चुकतात, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हा कंपनीचा शौक. आतलं रसायन वेगळं असेल तर दोन कूलंट मिसळू नयेत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्याने इंजिन कायम अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. खरा दोष झाकला जातो, तो वेगळाच. कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड टाकून 'साफ' करणाऱ्यांपासूनही गाडी लांब ठेवा, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. आणि फ्लश केल्यावर रेडिएटर गळू लागला, तर फ्लशला शिव्या देऊ नयेत. भोक आधीचंच, क्षाराने बुजलेलं असतं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून, घेत असेल अशा गॅरेजात द्यावं.

त्या दिवशी टेम्पोवाल्याने झाकण फडक्याने धरून हळूच उघडलं. एवढा वेळ थांबूनही 'फुस्स' झालंच. गरम असताना उघडलं असतं तर दाब सुटून आतलं पाणी उसळून तोंडावर आलं असतं. आम्ही प्यायच्या पाण्याची बाटली काढली. अडचणीला चालतं, घरी जाऊन काढून टाकायचं. गाडी चढावर तोंड करून उभी होतीच. होज दाबत, थांबत, पुन्हा ओतत त्याने लिटरची बाटली पाऊण रिकामी केली. तेवढी हवा घेऊन आम्ही घाट चढत होतो.