जमातीच्या कामासाठी ‘लकी ड्रॉ’ काढताय? आधी कायदा बघा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या लहान जमातींची अडचण सगळ्यांना माहीत आहे. गावात घरं मोजकी, कमावती पोरं कल्याण-भिवंडीला कामाला, आणि कब्रस्तानाची भिंत असो की मदरशाची खोली, चंद्याला दरवेळी तीच ती घरं पुढे येतात. मग बैठकीत कुणीतरी सुचवतो: शंभर रुपयांचं कूपन काढू, पहिलं बक्षीस मोटरसायकल ठेवू, उरतील ते पैसे बांधकामाला. हेतू चांगलाच असतो. पण प्रेसवाल्याकडे कूपन छापायला देण्याआधी ट्रस्टींनी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. कारण गुन्हा दाखल झाला तर तो भिंतीवर होत नाही, कूपनवर ज्यांची नावं आहेत त्यांच्यावर होतो.

कायद्याच्या नजरेत लॉटरी कशाला म्हणतात? तीन गोष्टी एकत्र आल्या की झाली लॉटरी: भाग घ्यायला पैसे द्यावे लागतात, बक्षीस आहे, आणि ते कुणाला मिळणार हे निव्वळ नशिबावर ठरतं. कूपनवर ‘देणगी’ छापा, ‘सहकार्य निधी’ छापा, नाव बदलून फरक पडत नाही. पैसा कोणत्या कामाला जाणार, यानेही फरक पडत नाही.

‘आमचा ट्रस्ट रजिस्टर आहे’ हे उत्तर हमखास ऐकायला मिळतं. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात झालेली नोंदणी किंवा वक्फ मंडळाकडची नोंदणी म्हणजे संस्थेची ओळख. लॉटरी काढायचा परवाना नव्हे. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41क ची परवानगी घेतात, तीसुद्धा फक्त पैसे गोळा करण्यापुरती असते. आणि पोलीस ठाण्याने लाउडस्पीकरची किंवा जलशाची परवानगी दिली म्हणून सोडतीलाही दिली, असा अर्थ काढणं तर सरळ चूक आहे.

आता मूळ कायदा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जुगार हा राज्याचा विषय आहे, सरकारी लॉटरी केंद्राच्या यादीत आहे. म्हणून महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालते ती वेगळ्या वाटेने, तिचा दाखला आपल्याला उपयोगाचा नाही. खाजगी लॉटरीसाठी जुन्या मुंबई राज्याने 1948 साली कायदा केला आणि 1958 च्या कायद्याने त्याची जागा घेतली. यात सुरुवातच अशी आहे की लॉटरी बेकायदेशीर. जे चालेल ते अपवाद म्हणून.

1948 च्या कायद्यातला एक अपवाद आपल्यासारख्या संस्थांच्या कामाचा होता. एखादा मेळावा किंवा खेळांचा कार्यक्रम असेल आणि त्याचाच एक भाग म्हणून छोटी सोडत असेल, तर ती चालायची. पण अटी बघा. खर्च वजा जाता सगळे पैसे खाजगी फायद्याशिवायच्या कामाला गेले पाहिजेत. रोख बक्षीस नको. तिकीट विकायचं आणि निकाल सांगायचा तो कार्यक्रमाच्या जागीच आणि कार्यक्रम चालू असतानाच. लोक मुख्यतः सोडतीसाठी आलेत असं दिसता कामा नये. आता आपली कूपनं या मापाने मोजा. ती शहापूर स्टँडवर विकली जातात, मुरबाडच्या बाजारात विकली जातात, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून मुंबईच्या नातेवाइकांना विकली जातात, तीही दोन-दोन महिने आधीपासून. अशा अपवादात ती बसणारच नाहीत.

शिक्षेचं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहे, कलम 297. सरकारी किंवा राज्य सरकारने मान्यता दिलेली लॉटरी सोडून दुसरी सोडत काढण्यासाठी जागा किंवा कार्यालय ठेवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसती जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे ग्रुपवर पोस्टर टाकणारा पोरगाही यात येऊ शकतो. काहीजण म्हणतात की मटक्याच्या 1887 च्या कायद्यात लॉटरी मोडत नाही. ते खरं आहे, त्या कायद्याच्या व्याख्येतून लॉटरी वगळली आहे. पण एका दारातून सुटलं तरी दुसरं दार आहेच.

ब्रिटनमध्ये असलेले नातेवाईक सांगतात की तिथे मशिदी, शाळा, क्लब बिनधास्त रॅफल काढतात. काढतात, पण तिथला 2005 चा कायदाच वेगळा आहे. छोट्या संस्थेला स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, एका सोडतीची विक्री वीस हजार पौंडांच्या वर जाता कामा नये, आणि किमान वीस टक्के रक्कम चांगल्या कामाला द्यावीच लागते. तिथला नियम इथे दाखवून उपयोग नाही.

याहून धोक्याची एक गोष्ट बाजारपेठांत दिसते: दरमहा हप्ता भरा, दर महिन्याला एक नंबर काढू, ज्याचा निघेल त्याला गाडी आणि पुढचे हप्ते माफ. हे संस्थेच्या नावाने अजिबात करू नका. 1978 च्या केंद्रीय कायद्याने अशा योजनांवर बंदी आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

कायदा झाला, पण आपल्यासाठी प्रश्न इथे संपत नाही. ‘गरिबांच्या भल्यासाठीच तर आहे’ ही दलील फार जुनी आहे. तफ्सीरच्या किताबांत अरबांच्या मैसिरचं वर्णन येतं: उंट कापून त्याचे वाटे करायचे, बाणांनी नशीब आजमावायचं, जिंकलेलं गोश्त गरिबांत वाटायचं आणि किंमत हरणाऱ्याने भरायची. सूरह बकरहच्या आयत 219 मध्ये त्यात लोकांसाठी काही फायदा असल्याचं मान्य केलं आहे, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा सांगितला आहे. पुढे सूरह माइदाच्या आयत 90 मध्ये त्यापासून दूर राहायचा साफ हुकूम आला. म्हणजे खैरातीसाठीचा जुगार हाच तिथला विषय होता.

मात्र चिठ्ठी काढणं आणि जुगार या दोन गोष्टी एक नाहीत. सफरवर कोणत्या पत्नीला सोबत न्यायचं यासाठी रसूलुल्लाह ﷺ कुर्रा काढत, हे हदीसमध्ये आहे. हज कमिटीही जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कुर्राच काढते. फरक पैसे पणाला लावण्यात आहे.

हाच फरक धरून जमातीला बरंच काही करता येतं. जलशाला आलेल्या प्रत्येकाला मोफत नंबर द्या आणि कुणा दुकानदाराने दिलेली भेटवस्तू चिठ्ठीने वाटा; त्यासाठी कुणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, आणि ‘देणगी देणाऱ्यालाच नंबर’ अशी पळवाटही नाही. किरात, निबंध, क्रिकेट यांच्या स्पर्धेत बक्षीस हुनरवर जातं. ते प्रायोजकाकडून घ्या, प्रवेश फीच्या गल्ल्यातून नको. कुणी बकरा किंवा आंब्याची पेटी मशिदीला दिली तर जाहीर लिलाव करा. घेणाऱ्याला काय मिळतंय ते त्याला ठाऊक असतं. आणि भिंतीचा खर्च फुटांत मांडा: एक फूट एवढ्याला, ज्याला जमेल त्याने एक फूट घ्यावा, पावती लगेच, हिशोब जुम्याला मशिदीच्या फळ्यावर. जकातीचे पैसे मात्र भिंतीत घालू नका, त्याचे हकदार वेगळे आहेत. मौलाना साहेबांना विचारून ते खातं वेगळं ठेवा.

ज्यांनी कूपनं आधीच विकली असतील त्यांनी विक्री आजच थांबवावी, वहीवरून नावं काढून पैसे परत करावेत आणि परत केल्याच्या सह्या घ्याव्यात. कुणी म्हणालं, ‘राहू द्या, मशिदीला दिले,’ तर कूपन परत घेऊन साध्या देणगीची पावती फाडा. एवढं करूनही सोडत काढायचीच असं ठरलं, तर ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज करा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत एकही कूपन छापू नका. ‘साहेब हो म्हणालेत’ हे कुठल्याही फाइलला लागत नाही.