यादीचा क्रम आणि यंत्राची बुद्धि

वाणसामानाची यादी असो, लग्नाच्या आमंत्रणांची असो, कीं कपाटांतील ग्रंथांची असो; तिला क्रम नसला म्हणजे हवी ती नोंद हव्या त्या वेळीं हातीं लागत नाहीं. हें क्रम लावण्याचें काम संगणकाकडून करवून घेण्यास 'पायथन' ही भाषा नवशिक्यांस फार सोयीची आहे. ग्विदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिच्या सुबोधपणामुळें आज शाळकरी मुलेंही ती शिकतात.

या भाषेंत यादी लावण्याचे दोन मार्ग आहेत. 'सॉर्ट' ही आज्ञा मूळ यादीच नव्या क्रमानें मांडते. पूर्वींचा क्रम मागें उरत नाहीं. 'सॉर्टेड' मात्र मूळ यादीस धक्का न लावतां दुसरी क्रमवार यादी करून देते. नवशिका पुष्कळदां 'सॉर्ट'चें उत्तर निराळ्या नांवानें सांठवूं पाहतो आणि त्याच्या हातीं 'नन', म्हणजे 'कांहीं नाहीं', एवढेंच येतें. जुना क्रम पुन्हां लागणार असेल, तर 'सॉर्टेड'च वापरावें, हें उत्तम.

दुसरा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. टिम पीटर्स यांनीं २००२ सालीं या भाषेकरितां जी पद्धति रचली, तींत समान ठरलेल्या नोंदींचा आपसांतील क्रम ढळत नाहीं. मुलांची यादी आधीं नांवांप्रमाणें व मग इयत्तेप्रमाणें लावली, तर प्रत्येक इयत्तेंत नांवें पूर्ववत् क्रमानेंच राहतात.

परंतु यंत्र आज्ञाधारक असलें तरी समंजस नाहीं. ९, २५ व १०० हे आंकडे संख्या म्हणून न देतां अक्षरें म्हणून दिले, तर तें १००, २५, ९ असा क्रम लावतें. कारण तें पहिल्या चिन्हापासून एकेक चिन्ह ताडून पाहतें आणि एक हा दोनाच्या आधीं येतो! यावर उपाय 'की' म्हणजे किल्ली हा आहे. तुलना कशावरून करावयाची, हें तिच्या द्वारें यंत्रास सांगतां येतें.

मराठी वाचकांस तर ही किल्ली विशेषच अगत्याची. आपल्या वर्णमालेंत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो. संगणकाच्या 'युनिकोड' नामक चिन्हसंग्रहांत मात्र त्यास 'ल'च्या शेजारीं स्थान दिलेलें आहे. म्हणून मजूर, महाल, मळा असा जो आपला क्रम, तो यंत्र मजूर, मळा, महाल असा करून टाकतें. मोठ्या शब्दसूचींत 'मळा' शोधणारा मनुष्य 'महाल'च्या पुढें पाहील आणि तो शब्द सूचींत नाहींच, असें समजून पुस्तक मिटवील. प्रत्येक वर्णास आपल्या वर्णमालेंतील अनुक्रमांक देणारी किल्ली रचून दिली, तर हा दोष टळतो.

तात्पर्य, क्रम लावण्याचे श्रम यंत्र करील. क्रम कोणता असावा हें ठरविण्याचें काम मात्र माणसाचेंच आहे. ही भाषा शिकणाऱ्या मुलांस वडील मंडळींनीं प्रथम एवढेंच विचारावें: "बाळ, ही यादी कोणासाठीं, आणि तो ती कोणत्या क्रमानें वाचील?" याचें उत्तर देतां आलें, कीं पुढील आज्ञा एका ओळीची आहे.