घरातली सत्तावीस कामे

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गात फळ्यावर विरुद्धार्थी शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. मुलींनी पाणी आणले. शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत आल्या. संध्याकाळी बोईसरला उतरून डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४. बाईचे ते निदान १२ हवे.

डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काय खाता?" मी गप्प राहिले. फजरनंतर चौघांचे डबे, पाणी भरणे, सासूबाईंचा नाश्ता झाकून ठेवणे, मग उभ्या उभ्या चहा आणि पालघरची गाडी. खायचे केव्हा?

तोवर मला वाटे, माझ्यासारखी व्यवस्थित बाई नाही. डबा कधी चुकला नाही, वह्या तपासायच्या राहिल्या नाहीत. पण ही सगळी व्यवस्था माझ्या एकटीच्या अंगावर उभी होती. मी खाली बसले, तशी तीही बसली.

मुलांचे अब्बा एमआयडीसीत पाळीवर असतात. ते म्हणाले, "मला सांगायचंस ना." मी म्हटले, "ते लक्षात ठेवून सांगणं हेही माझंच काम होतं." त्या रात्री इशानंतर आम्ही वहीचे पान घेतले आणि घरातली सगळी कामे लिहिली. पाणी भरण्यापासून गॅस नोंदवण्यापर्यंत, सासूबाईंच्या गोळ्यांपासून शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप वाचण्यापर्यंत. सत्तावीस कामे भरली. प्रत्येकापुढे करणाऱ्याचे नाव लिहिले. तेवीस ठिकाणी माझे नाव आले. अब्बा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले.

हे एका घरापुरते नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला माझी सकाळ आठवते.

कामे वाटायला निघालो तेव्हा सासूबाईंना पटेना. "आमच्या वेळी पुरुष चुलीकडे फिरकत नव्हते. आता पोरगा भांडी घासणार?" मी वाद घातला नाही. फक्त हदीस सांगितली. हजरत आयशा (रजि.) यांना कोणी विचारले, प्रेषित (स.) घरी काय करत असत? त्यांनी सांगितले, घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच नातवाला हाक मारली, "ये रे, भांडी विसळ." आणि भाजी निवडायचे काम स्वतःकडे घेतले.

आता आमच्याकडे असे चालते. दिवसाचे भाग नमाजच्या वेळांनी पडलेलेच आहेत, वेगळे वेळापत्रक लागले नाही. असरनंतर मुलांचा अभ्यास. मगरिबनंतर मुलगी उद्याचे गणवेश आणि दप्तरे काढून ठेवते. इशानंतर मुलगा पाण्याच्या बाटल्या भरतो, मी कणीक मळून ठेवते. अब्बांची दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात सकाळचे पाणी आणि डबे भरणे त्यांच्याकडे. काही कामे आम्ही सोडूनच दिली. चादरींना इस्त्री नाही, डब्यात दोन भाज्या नाहीत.

सकाळी मी बसून भाकरी खाते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा तासाभराने, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते.

सगळे सुरळीत झाले, असे म्हणणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात घडी विस्कटते. परीक्षेच्या दिवसांत वह्यांचा ढीग घरी येतो आणि कपडे खुर्चीवर साचतात. पूर्वी मला त्याची लाज वाटायची, आता वाटत नाही. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना समजावले होते की माणसावर रबचा हक्क आहे, घरच्यांचा हक्क आहे, तसा स्वतःच्या जिवाचाही हक्क आहे. प्रेषितांनी (स.) ते बरोबर ठरवले. हे मी शाळेत मुलींना कितीदा शिकवले होते, पण स्वतःच्या जिवाचा हक्क मला गोळ्या लागल्यावर कळला.

चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. ११.२ आले.

बहिणींनो, या जुम्म्याला एक कागद घ्या. घरातली कामे लिहा आणि पुढे नावे लिहा, पण एकटीने लिहू नका. सगळ्यांना भोवती बसवून लिहा. आणि गेल्या वर्षभरात रक्त तपासले नसेल, तर त्या यादीत पहिले काम तेच लिहा.